हरायला बोलावलेला माणूस

कॉलेजसाठी मी मामांकडे राहायला निघाले, तेव्हा आईने एकच गोष्ट बजावून सांगितली: मामाला त्याच्या बॉक्सिंगबद्दल काही विचारू नकोस. आमच्या घरात हा विषय दुखऱ्या दातासारखा होता. सगळ्यांना ठाऊक, पण जीभ कोणी लावायची नाही. मला इतकंच माहीत होतं की आईचा हा धाकटा भाऊ एरवी सोफा-खुर्च्यांच्या गाद्या भरतो आणि अधूनमधून रिंगमध्ये उतरतो.

पहिल्याच सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर मामा एका डोळ्यावर थंडगार चमचा दाबून दुसऱ्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचत होते. ओठ एका बाजूने सुजलेला. चहा बशीत ओतून ते सुजेच्या पलीकडून अलगद भुरकत होते. आईचं बजावणं मला आठवलं, पण फार वेळ टिकलं नाही.

"काल सामना होता?" मी विचारलं.

"हो."

"मग काय झालं?"

"हरलो," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

माणूस 'बाजारात जाऊन आलो' म्हणतो, तशा सुरात ते म्हणाले. त्यात खंत नव्हती आणि लाजही नव्हती. हा सूर माझ्या डोक्यातून जाईना. हरून आलेला माणूस एवढ्या निवांतपणे चहा कसा पितो, हे मला काही केल्या समजत नव्हतं.

मामी दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नोंद घ्यायला बसायची. संध्याकाळी ती आल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि सरळ सांगितलं की अगं, तुझे मामा हरण्यासाठीच जातात. तो त्यांचा धंदाच आहे.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नव्हती. हळूहळू, मामांच्या कारखान्यात स्टुलावर बसून, मी सगळं काढून घेतलं. कारखाना म्हणजे घरामागची लांबोडी खोली. एका भिंतीला फोमचे तुकडे रचलेले, खाली काथ्याचा ढीग, मधे उताणी पडलेली एखादी आरामखुर्ची, आणि मामा वाकडी सुई घेऊन तिच्यावर ओणवलेले. मी प्रश्न विचारायची आणि ते हात न थांबवता उत्तरं द्यायचे. आईने विचारू नको म्हटलं होतं. इतक्या वर्षांत कोणी काही विचारलंच नव्हतं म्हणून तेही बोलले नव्हते, असं माझ्या लक्षात आलं.

तरुणपणी मामा चांगले जिंकायचे. अंगाने बारीक, पण पाय हलके, आणि उजवा हात असा की समोरच्याला तारे दिसावेत. मग एका सामन्यात तो उजवा हात समोरच्याच्या कपाळावर बसला आणि मामांच्याच बोटांची हाडं मोडली. हाडं जुळली, पण वाकडी. त्यानंतर त्या हातात जोर राहिला नाही. लागोपाठ तीन सामने ते हरले आणि आता गाशा गुंडाळायचा असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात एक माणूस त्यांना भेटायला आला.

हा माणूस म्हणजे जोडीवाला. कोणी कोणाशी लढायचं, याच्या जोड्या लावणं हे त्याचं काम. त्याने मामांना सांगितलं की तुम्ही तीन सामने हरलात, पण तिन्हीत एकदाही खाली पडला नाहीत, हे मी पाहिलंय. माझ्याकडे वर चढणारी पोरं आहेत. त्यांना जिंकायला कोणीतरी लागतं. पहिल्या मिनिटाला लोळण घेणारा नको, त्यातून पोरगा काही शिकत नाही. आणि जिंकणाराही नको, त्याने पोराचं नाव खराब होतं. मला मधला माणूस हवाय.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम हरता?" मी विचारलं.

मामांनी सुई थांबवली. हा प्रश्न त्यांना आवडला नाही. "मुद्दाम कधीच नाही. मी जीव तोडून लढतो. ते माझ्यापेक्षा बरे असतात, म्हणून हरतो. जोडीवाला जोडीच तशी लावतो."

जिंकायची मनाई नव्हती. फक्त कोणाची तशी अपेक्षा नव्हती. दोन-तीनदा मामा चुकून जिंकलेही. मग काही महिने जोडीवाल्याचा फोन यायचा बंद व्हायचा.

त्याचा फोन आला की मामी म्हणायची, "अहो, स्थळ आलंय." मग मामा फोनवर अगदी वधूपित्यासारखी चौकशी करायचे. मुलगा उंचीला केवढा, वजन काय, डावखुरा आहे का, स्वभावाने कसा, तापट की शांत. फोन ठेवला की मामी विचारायची, पसंत आहे का. मामा म्हणायचे, आपल्याला विचारतंय कोण, पसंती त्यांची.

जाहिरातीत मामांचं नाव 'पोलादी भिंत' असं छापायचे. बॉक्सिंगच्या लोकांत मात्र त्यांना सगळे 'गादीवाला' म्हणत, आणि त्यात धंद्याचा उल्लेख होताच, शिवाय कोणीही यावं आणि बुकलून जावं, हा खवचटपणाही होता. मामांना दोन्ही नावं चालायची.

माझी उत्सुकता काही संपेना. ठोसा येताना दिसतो का? दुखतं केव्हा? पाहायचं कुठे? मामा म्हणाले, हाताकडे पाहायचंच नाही, हात फसवतो. डोळ्यांकडेही नाही, डोळे त्याहून जास्त फसवतात. गळ्याखालच्या हाडाकडे पाहायचं. ते हललं की हात निघाला. आणि दुखण्याचं म्हणशील, तर रिंगमध्ये फारसं दुखत नाही. दुखतं तिसऱ्या दिवशी, शिंक आली की.

सगळ्यात नवल वाटलं ते मिठीचं. दमलं, की समोरच्याच्या काखेत हात घालून त्याला घट्ट धरायचं, रेफरी येऊन सोडवेपर्यंत. प्रेक्षकांना वाटतं दोघं नुसते लोंबकळतायत. पण मिठीत बोलणं होतं, असं मामांनी सांगितलं. तोंडात रबरी कवच असतं, म्हणून शब्द बोबडे येतात, तरी कळतात. मामा पोरांना सांगायचे, हनुवटी आत घे. उजवा हात खाली सोडतोस, पुढचा तुला झोपवेल. काही पोरं चिडायची. काही ऐकायची. अशी ऐकलेली पोरं पुढे मोठी झाली, तरी भेटली की मामांना वाकून नमस्कार करायची. मामांना त्याचा अभिमान होता, पण ते बोलून दाखवायचे नाहीत; फक्त तो किस्सा दोनदा सांगायचे.

मामी कधीच सामना पाहायला जायची नाही. तिची एकच अट होती. सामना संपला की मामांनी कपडे बदलायच्या आधी फोन करायचा आणि 'चटईला टाचणी टोचली' हे सलग पाच वेळा म्हणून दाखवायचं. ती डोळे मिटून ऐकायची. एखादा शब्द अडखळला तर पुन्हा म्हणायला लावायची. हार-जीत तिने कधी विचारली नाही.

दुसऱ्या वर्षी मी मामांच्या मागेच लागले की एक सामना मला पाहायचाय. त्यांनी बरेच दिवस टोलवलं, शेवटी एका रविवारी दुपारी घेऊन गेले. सभागृह मोठं होतं, छताला पत्रे, घडीच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि सगळीकडे मलमाचा उग्र वास. मामांचा सामना त्या भागातल्याच एका पोराशी होता. त्याला सगळे 'वीज' म्हणत. एकवीस-बावीस वर्षांचा, आजवर एकदाही न हरलेला. त्याचा बापच त्याचा गुरू, आणि सामन्यात त्याच्या कोपऱ्यात उभा राहणाराही बापच. जोडीवाल्याने सांगितलं होतं की पोरगा आणखी दोन सामन्यांत मोठ्या किताबाला लढेल. त्याआधी त्याला आठ राउंडचा दम आहे का, हे मामांच्या अंगावर तपासायचं होतं.

मी मामांच्या कोपऱ्याजवळ बसले होते. पहिले चार राउंड मला काही सुधरेनाच. वीज खरोखर विजेसारखा होता. त्याचे हात यायचे आणि परत जायचे, मधलं काही दिसायचंच नाही. पण थोड्या वेळाने मला मामाही दिसायला लागले. ठोसा लागायचा, पण कुठे लागायचा? खांद्यावर, कोपरावर, कपाळाच्या वरच्या टणक हाडावर. पावसात छत्री नसलेला माणूस कसा वळचणीवळचणीने जातो, तसे मामा चालले होते. भिजत होते, पण चिंब होत नव्हते. लोक ओरडत होते, मी मात्र बघत राहिले. हे नुसतं हरणं नव्हतं, यात कसब होतं.

पाचव्या राउंडच्या शेवटी दोघांची मिठी पडली. मामा नंतर जे सांगत आले ते असं: वीज त्यांच्या कानाशी म्हणाला, "कितवा आहे?" मामांनी सांगितलं, पाचवा. रेफरीने दोघांना सोडवलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा मिठी पडली, आणि तो पुन्हा म्हणाला, "कितवा आहे?" अगदी तसाच, आधी विचारलंच नाही अशा सुरात.

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा डावा हात मारून झाल्यावर जागेवर परत येत नव्हता, मधेच खाली लोंबत होता. एवढं बळ असलेलं पोर पाचव्या राउंडला असं दमत नाही. मामा रेफरीला म्हणाले की याला बघा, याचं काहीतरी बिनसलंय. रेफरीला वाटलं, म्हातारा थकलाय आणि वेळ काढतोय. त्याने मामांना लढा म्हणून खुणावलं.

घंटा झाली. स्टुलावर बसल्या बसल्या मामांनी आपल्या मदतनिसाला रिंगजवळ बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर समजूतदार होते, ते लगेच उठून विजेकडे गेले. त्याला नाव विचारलं, बोट दाखवून डोळे फिरवायला लावले. त्याने सगळं बरोबर केलं. डोकं दुखतंय का, असंही विचारलं. तो नाही म्हणाला. ते खोटं होतं, हे नंतर कळलं. सरावात आठवड्यापूर्वी त्याला जबर लागलं होतं आणि त्याने ते बापापासूनही लपवलं होतं. बाप जवळच उभा राहून सांगत होता की पोरगा ठणठणीत आहे, जिंकतोय, अडवता कशाला. डॉक्टर परत येऊन बसले.

सहावा राउंड सुरू झाला. मी मामांच्या पाठीकडे बघत होते. ते हात वर धरून मागे मागे जात होते आणि स्वतः काहीच मारत नव्हते. लोक हुर्यो करायला लागले. विजेने डाव्या हाताने एक ठोसा मारला. तो मामांच्या दंडावरून निसटला. त्याने उभी बाटलीसुद्धा पडली नसती. आणि मामा शांतपणे एका गुडघ्यावर खाली बसले.

ज्या माणसाला इतक्या वर्षांत कोणी पाडू शकलं नव्हतं, तो आपण होऊन बसला. रेफरीने आकडे मोजले. मामा जमिनीकडे नाही, त्या पोराकडे बघत होते. दहा झाले, घंटा झाली, विजेचा हात वर उचलला गेला. क्षणभर टाळ्या पडल्या आणि मग सभागृहाच्या लक्षात आलं. लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. लबाड, विकला गेलेला, असे शब्द कानावर आले. मलाही काही कळलं नव्हतं. मामा कोपऱ्यात आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "का बसलात?"

"त्या पोराला आधी दवाखान्यात न्या," ते म्हणाले. मलाच नाही, समोर दिसेल त्याला ते तेच सांगत होते.

न्यायची वेळ आलीच. कपडे बदलायच्या खोलीत विजेला उलट्या झाल्या आणि तो बापाच्या अंगावर कोसळला. डॉक्टर धावले, गाडी आली. त्याच्या मेंदूत रक्त साकळलं होतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. आणखी एक राउंड झाला असता तर काय झालं असतं, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मामाही कधी सांगत नाहीत.

त्या दिवशी मामांनी मामीला फोन केला आणि टाचणीचं वाक्य पाच वेळा बिनचूक म्हटलं. पलीकडून मामीने विचारलं, "मग रडताय कशाला?"

पुढचे काही आठवडे वाईट गेले. विजेचं आजारपण सगळ्यांना कळलं होतं, तरी मामांवरचा संशय गेला नाही. आधीच ठरलेलं असणार, योगायोगाने पोरगा आजारी निघाला, असं बोलणारेही होते. बॉक्सिंगच्या मंडळाने चौकशी लावली. मी सोबत गेले. लांबट टेबलामागे तिघे बसले होते. त्यातल्या अध्यक्षांनी मामांना एकच प्रश्न विचारला, की तुम्ही ठोशाने खाली गेलात का.

मामा नाही म्हणाले.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की जरा विचार करून सांगा, दंडाला मुंग्या आल्या असतील, पाय घसरला असेल. त्यांना मामांना वाचवायचं होतं, हे मलाही दिसत होतं. मामा पुन्हा नाही म्हणाले. रेफरीने उठून सांगितलं की यांनी मला पोराकडे बघा म्हटलं होतं आणि मी ऐकलं नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. मग मागच्या खुर्चीवरून विजेचा बाप उठला. सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी हाच माणूस मामांना नाही नाही ते बोलला होता.

"मी त्याच्या कोपऱ्यात होतो," तो म्हणाला. "त्याच्या जन्मापासून आहे. मला दिसलं नाही. यांना दिसलं." एवढं बोलून तो खाली बसला.

तरीही मंडळाने मामांना सहा महिने लढायला बंदी घातलीच. नियम तो नियम. लढाईत आपण होऊन बसायचं नाही. बाहेर आल्यावर मी तणतणत होते. मामा म्हणाले, बरोबरच केलं त्यांनी, नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि बसेल. मग ते म्हणाले की चल, एक दिवाण अर्धा उसवून ठेवलाय, गिऱ्हाईक बोंबलत असेल.

वीज बरा व्हायला वर्ष गेलं. चालायला लागला, बोलायला लागला, पण डावा हात मंद राहिला. बॉक्सिंग कायमचं सुटलं. एक दिवस तो एकटाच मामांच्या कारखान्यात आला. मी दारात होते. मला वाटलं आभार मानायला आलाय. पण तो बसलासुद्धा नाही. म्हणाला की सगळे मला सांगतात यांच्या पाया पड. मला पडावंसं वाटत नाही. माझा शेवटचा विजय तुम्ही मला भीक म्हणून दिलात. लोक त्याला विजय म्हणतच नाहीत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं रेक्झिन बाजूला ठेवलं.

"पाच राउंड तू जिंकला होतास," ते म्हणाले. "ते मी दिले नव्हते. ते तू माझ्याकडून घेतलेस. माझं अंग आठवडाभर ठणकत होतं."

विजेने विचारलं की खरं सांगा, मी किताब जिंकला असता का.

मामांनी मान तिरकी केली, खुर्चीचं माप घ्यावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही. डावा हात मारून झाल्यावर तुझी हनुवटी उघडी पडायची. आजारपणाच्या आधीपासून. बापाने ती खोड मोडायला हवी होती."

वीज आधी लालबुंद झाला आणि मग हसायला लागला. बाप हेच सांगून सांगून थकला होता, असं त्याने कबूल केलं. त्यानंतर तो बसला. दोघं तासभर बोलले, हात हवेत नाचवत, आणि मी आत जाऊन तिघांचा चहा केला. पुढे तो सायकली दुरुस्त करायच्या दुकानात लागला; आता स्वतःचं दुकान आहे. मामांकडे येतो, पण पाया कधी पडत नाही.

त्याआधीच, सहा महिन्यांनी बंदी संपली तेव्हा जोडीवाल्याचा फोन आला होता. मामांनी माप विचारलं नाही. आता पुरे, असं म्हणाले. जोडीवाला नाराज झाला, कारण असा माणूस त्याला दुसरा सापडेना. पण रेफरी कमी पडत होते, आणि मंडळाच्या त्याच अध्यक्षांनी मामांना परीक्षेला बसायला सांगितलं. पहिल्यांदा ते नापास झाले. नियमांचा पेपर मामांना रिंगपेक्षा अवघड गेला. दुसऱ्यांदा मामी पुस्तक हातात धरून रोज त्यांची उजळणी घ्यायची, आणि ते पास झाले.

रेफरी म्हणून मामांचा पहिला सामना पाहायला मामी आली. आयुष्यात पहिल्यांदाच. मामा पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून दोन तगड्या पोरांच्या मधे उभे होते, अगदीच किरकोळ दिसत होते. तिसऱ्या राउंडला एका पोराला सलग तीन ठोसे बसले. तो पडला नाही, डगमगलासुद्धा फारसा नाही. पण मामांनी मधे घुसून त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि सामना संपला म्हणून खूण केली. पोरगा संतापला. तो मामांच्या कवेतून सुटायची धडपड करत होता, लोक ओरडत होते, आणि मामा त्याला धरून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होते.

"काय सांगतायत ते त्याला?" मामीने मला विचारलं.

मी म्हटलं की माहीत नाही, हनुवटीचं काहीतरी असेल.

मामी बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं हे असंच करत होते?" ती म्हणाली. "मला वाटायचं नुसते मार खातात."

मामांनी पुढे बरीच वर्षं रेफरीचं काम केलं, अजूनही करतात. ते सामना फार लवकर थांबवतात अशी तक्रार दर हंगामात मंडळाकडे जाते. अध्यक्ष बोलावून समज देतात. मामा मान डोलावतात, चूक झाली म्हणतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लवकर थांबवतात.